फोटो काढणाऱ्याची परीक्षा कोणी घ्यायची?

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी एक जुना ओळखीचा माणूस आला. आठ वर्षे तो माझ्याकडे कंपाउंडर होता. पुढे दुसऱ्या गावी एका खासगी एक्स-रे केंद्रात लागला. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली, मग त्याने विषय काढला.

"साहेब, एक सर्टिफिकेट पाहिजे. आठ वर्षे एक्स-रे टेक्निशियन म्हणून काम केलं, असं लिहून द्या. मालक म्हणतात, आता नोंदणी लागणार. जुन्या लोकांना सूट मिळेल, पण अनुभवाचा कागद पाहिजे."

कागद लिहायला दोन मिनिटे पुरली असती. पेन हातात घेऊन मी थांबलो. या पोराला हे काम शिकवले कोणी? मी. आणि मला कोणी शिकवले? यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसाने, एका दुपारी.

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला त्या साली, म्हणजे १९९९ मध्ये, मी कळमनुरीत एक्स-रे यंत्र घेतले. जुनेच होते. आखाडा बाळापूर, डोंगरकडा इकडचे पेशंट हाड मोडले की नांदेडला पळायचे, त्यांची सोय होईल हा हेतू. चार पैसे मिळतील हाही हेतू, खोटे कशाला बोला. औषधांच्या खोक्यांची खोली रिकामी करून यंत्र बसवले. भिंत साडेचार इंची. भिंतीच्या पलीकडे बाकड्यावर पेशंट बसत. नियम नऊ इंच विटेच्या भिंतीचा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. शिशाचा एप्रन एकच होता, तो घडी घालून खुंटीला टांगलेला असे. घडी घातली की आतल्या शिशाला भेगा पडतात आणि एप्रन नावापुरता उरतो. लहान मूल हलू नये म्हणून आई त्याला धरायची. आई घाबरली तर हा पोरगा धरायचा. दिवसातून किती वेळा, याची मोजदाद नाही. फोटो काळा आला की दुसरा, पांढुरका आला की तिसरा.

हे सारे कायद्याच्या नजरेआड चालले होते का? कायदा तर होता. अणुऊर्जा कायदा १९६२ चा, अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत. पण देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ साली या मंडळाच्या कारभाराचा जो अहवाल दिला, त्यात लिहिले आहे की देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी ५२,१७३ केंद्रांची मंडळाकडे नोंदच नव्हती. शंभरातली एक्क्याण्णव! सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय काढायला सांगितले होते. अकरा वर्षांनीही बहुतेक राज्यांनी ते काढले नव्हते. त्या बावन्न हजारांच्या जमातीतच माझाही दवाखाना मोडत होता. ते यंत्र मी २००७ साली काढून टाकले, तेही शहाणपणाने नव्हे. ट्यूब गेली आणि नवीन परवडेना म्हणून.

आता सोनोग्राफीकडे पाहा. सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, किरणोत्सर्ग अजिबात नाही. पण गर्भलिंग निदानाचा कायदा १९९४ चा, आणि २०१२ साली परळीत जे उघडकीला आले ते मराठवाडा विसरलेला नाही. त्यामुळे तिथे शिस्त खरी आहे. 'एफ' फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला तरी यंत्राला सील लागते. ही नुसती कारकुनी चूक म्हणून सोडून द्या, अशी डॉक्टर मंडळींची मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१९ साली फेटाळली. आमच्या व्यवसायबंधूंना हे जाचक वाटते. मला वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. सोनोग्राफीच्या खोलीत तपासणीला माणूस येतो, मग शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत तो का डोकावत नाही?

एक्स-रेला आपल्याकडे लोक 'फोटो' म्हणतात आणि त्या शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे. फोटो काढायला काय लागते, बटण तर दाबायचे! प्रत्यक्षात किती व्होल्टेज, किती वेळ, किरणांची खिडकी किती उघडायची, हे दर पेशंटला ठरवावे लागते. बाई गरोदर आहे का, हे विचारावे लागते. वाचकांनी घाबरून जाऊ नये. छातीच्या एका फोटोत मिळणारा किरणोत्सर्ग ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट असतो, आणि जमिनीतून, आकाशातून माणसाला वर्षभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असाही मिळतोच. डॉक्टरने सांगितलेला फोटो जरूर काढा. पण पोटाच्या एका सीटी स्कॅनला ८ ते १० मिलिसिव्हर्ट लागतात, म्हणजे छातीचे शंभर फोटो किंवा जास्तच. तिथे चुकीमुळे दुसऱ्यांदा स्कॅन काढणे ही गंमत नाही. पेशंट एकदा येतो आणि जातो. बटण दाबणारा मात्र रोज तिथेच उभा असतो. अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत या किरणांवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली हा मदतनीस १९०४ साली कर्करोगाने गेला. त्याचे हात कापावे लागले होते. एडिसनने त्यानंतर हा विषय सोडला. मालकाला निदान भीती तरी वाटली.

कर्करोगाच्या 'शेका'ची गोष्ट याहून गंभीर. आपल्या तालुक्यातले पेशंट शेकासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, बार्शी नाही तर थेट मुंबई गाठतात. फ्रान्समधल्या एपिनाल गावच्या इस्पितळात २००४-०५ मध्ये प्रोस्टेटच्या वीसहून अधिक रुग्णांना ठरल्यापेक्षा जास्त मात्रा गेली. संगणकाचा कार्यक्रम इंग्रजीत होता, वापरणाऱ्यांसाठी फ्रेंच माहितीपुस्तिका नव्हती आणि शिक्षण अपुरे होते. काही रुग्ण दगावले. २०१३ साली दोन डॉक्टर आणि एक भौतिकतज्ज्ञ यांना तिथल्या न्यायालयाने तुरुंगवास सुनावला आणि व्यवसायबंदीही केली. इंग्रजी पडद्यापुढे बसलेला आपला दहावी-बारावीचा मुलगा मला ती हकिकत वाचताना आठवला.

आपल्याकडे आता कायदा आला आहे. मार्च २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात एक्स-रे, स्कॅन आणि किरणोपचार करणारे तंत्रज्ञ स्पष्टपणे धरले आहेत. पदविका निदान दोन वर्षांची, किमान २,००० तासांची हवी. नाव नोंदवहीत आले पाहिजे, आणि गैरवर्तन केले तर ते काढताही येते. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही, त्याचे नाव खोडणार कुठून? राज्यांनी या कामात इतकी चालढकल केली की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

आता आली सुटीची मागणी. जुन्या माणसांना सूट द्या, ही हाक प्रत्येक कायद्याच्या मागे असतेच, आणि ती सगळीच खोटी नसते. सगळे बिनपदविकेचे लोक उद्या घरी बसवले तर तालुक्याच्या ठिकाणची निम्मी केंद्रे बंद पडतील, असा माझा अंदाज आहे. तो तोटा पेशंटचाच. मग करावे काय? उत्तर सोनोग्राफीच्याच नियमांत आहे. २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांना सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण घातले. आधीपासून काम करणाऱ्यांना त्या प्रशिक्षणातून सूट दिली, पण क्षमता-परीक्षा पास होण्याच्या अटीवर. आम्ही डॉक्टर त्यावर कोर्टात गेलो, २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयात जिंकलो, आणि २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तत्त्व साधे आहे: वर्गात बसण्यातून सूट द्या, परीक्षेतून देऊ नका. हेच तंत्रज्ञांना लावा. ठरावीक मुदत द्या, जिल्हा रुग्णालयात मराठीतून प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. नापास झाला तर आणखी एक संधी द्या, मग मात्र यंत्रापासून दूर. आणि दंड आधी मालकाला करा, कारण बिनपदविकेचा पोरगा स्वतःहून त्या खोलीत शिरत नाही. त्याला कमी पगारात कोणी तरी उभे केलेले असते. पदवी आहे म्हणून आम्हा डॉक्टरांना यंत्र चालवण्याचे जे मुभेचे वातावरण आहे, तेही संपले पाहिजे. माझी पदवी त्या साडेचार इंची भिंतीआड काही कामाची नव्हती.

तोवर वाचकांनी एवढे करावे. फोटो काढायला गेलात की काढणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बिल्ला आहे का पाहा. दर तीन महिन्यांनी तो तपासून त्या माणसाला किती किरण लागले ते कळते. ज्या केंद्राने आपल्या माणसाला बिल्ला दिला आहे, ते बाकीचे नियमही पाळत असण्याची शक्यता जास्त. भिंतीवर मंडळाचा परवाना आहे का, तेही विचारा. बाईने दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी आधी सांगावे. मुलाला धरायची वेळ आलीच तर एप्रन मागून घ्या, लाजू नका.

मी त्याला कागद दिला. त्यात लिहिले की हा माझ्या दवाखान्यात आठ वर्षे मदतनीस होता, माझ्या सांगण्यावरून एक्स-रे यंत्र चालवत होता, आणि त्याला कोणतेही मान्य प्रशिक्षण मिळालेले नव्हते. त्याने तो दोनदा वाचला.

"साहेब, याच्यावर सूट नाही मिळायची."

"परीक्षा निघाली तर मी शिकवायला बसतो. फीही माझी," मी म्हणालो. तो काही बोलला नाही. घडी करून कागद खिशात घातला. उंबऱ्यापाशी जाऊन परत वळला.

"तेव्हाचं काही अंगात राहिलं असंल का, साहेब?"

किरण अंगात राहत नाहीत, यंत्र बंद की ते संपतात, हे मी त्याला सांगितले. पेशींना काही धक्का बसला असेल तर तो किती किरण लागले यावर अवलंबून असतो, हेही सांगितले. मग किती लागले असतील, असे त्याने विचारले. माझ्याकडे त्याच्या आठ वर्षांचा एकही आकडा नव्हता. त्याला मी कधी बिल्ला दिलाच नव्हता. सोमवारी उपाशीपोटी रक्त तपासायला ये, एवढे म्हणालो.