आधी मोजा, मग दोष द्या

गेल्या वर्षी आमच्या गाडीने दोन बॅटऱ्या खाल्ल्या. जुनी गाडी म्हटल्यावर खर्च आलाच, त्यासाठी कुणी लेख लिहीत नाही. पण या बॅटऱ्यांच्या पायी मी घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर अन्याय केला, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडी मारुती 800, मॉडेल 2006 सालचे. 1983 साली बाजारात आलेल्या या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले, पण आमच्या निपाणी-चिकोडी भागात ती अजून नातेवाइकासारखी सांभाळली जाते. आमची गाडी आठवडाभर अंगणात उभी असते आणि शनिवारी बाहेर निघते. सहा महिन्यांपूर्वीपासून दर शनिवारी बॅटरी उतरलेली असायची. मग शेजारच्या दोघांना हाक मारायची आणि धक्का मारायचा.

आजोबा संध्याकाळी गाडीचे दार उघडून पुढच्या सीटवर पेपर वाचत बसत. दार नीट लागले नाही तर छताचा दिवा जळत राहतो, हे मला ठाऊक होते. तेव्हा गुन्हेगार सापडला! एका शनिवारी आजोबांना डोळे दाखवायला बेळगावला न्यायचे होते आणि गाडी चालू होईना. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आजोबा, तुम्हीच दार उघडे ठेवता." ते काही बोलले नाहीत. आम्ही बसने गेलो. त्यानंतर आजोबा गाडीत बसले नाहीत.

बॅटरी बदलली. दोन महिन्यांत तीही गेली. त्यातले पंधरा दिवस आजोबा आत्याकडे गडहिंग्लजला होते, तरी बॅटरी उतरतच होती. हिशेब डोळ्यासमोर होता, पण मी तो मांडला नाही.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री कन्नड बोलणारे, मराठीही चांगली. मी आजोबांची हकीकत सांगू लागताच ते म्हणाले, "मोदलु नोडु, आमेले माताडु." आधी बघ, मग बोल. त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडली आणि टोक व वायर यांच्यामध्ये मीटर जोडला. चावी काढलेली, दारे बंद. अशा वेळी साध्या गाडीत फार तर 50 मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह जावा. मीटरने 300 दाखवले. मी लगेच गणित केले: दिवसाला 7.2 अँपिअर-तास. बॅटरी 35 अँपिअर-तासांची, म्हणजे पाच दिवसांत साफ! सोमवार ते शुक्रवार.

मग एकेक फ्यूज काढून पाहिला. प्रवाह कमी झाला की चोर त्याच वाटेवर. (मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नये, स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो आणि मीटरचा फ्यूज उडतो.) सगळे फ्यूज काढून झाले, आकडा हलला नाही. उरली होती एकच वायर, थेट बॅटरीवरून स्टिरिओच्या अँप्लिफायरला गेलेली. ती सोडताच मीटर शून्यावर आला.

ती वायर मी जोडली होती. पहिल्या वर्षाचा निकाल लागल्यावर हौसेने अँप्लिफायर बसवला. त्याला चालू-बंद करणारी बारीक तार चावीच्या जोडणीवर न देता मी कायम चालू असलेल्या जोडणीवर दिली होती. त्यामुळे अँप्लिफायर रात्रंदिवस जागा होता. बॅटरी वारंवार पूर्ण उतरली की तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि तिची साठवण घटते. म्हणून नवी बॅटरीही टिकली नाही. गळकी घागर बदलायची सोडून आम्ही पाणी बदलत होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. तेरीज जुळली नाही की फरक उचंत खात्यात टाकतात, पण चूक सापडेपर्यंतच. आम्ही घरात मात्र फरक टाकायला एक माणूस शोधतो आणि खाते बंद करतो. सीमाभागात तर हे खाते भाषेच्या नावावर आयते उघडलेले असते. कागद हरवला, बस चुकली, काम अडले, की मराठी माणूस म्हणतो "ते लोक" आणि कन्नड माणूसही म्हणतो "ते लोक". प्रत्येक तक्रार खोटी असते असे माझे म्हणणे नाही. काही गळती खरोखर तिकडचीच असेल. पण मीटर लावल्याशिवाय ते कळणार कसे? आणि मीटर लावायचा तर स्वतःच्या वायरीही सोडून बघाव्या लागतात. तिथेच आपण थांबतो.

मिस्त्रींनी तार चावीच्या जोडणीवर दिली. मीटर 20 वर आला. त्यांनी घेतलेली मजुरी दोन बॅटऱ्यांच्या किमतीपुढे काहीच नव्हती.

संध्याकाळी मी आजोबांना सांगितले, "चूक माझी होती." ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "दार नीट लागत होतं. मी रोज ओढून बघायचो." वाचकहो, ते रोज बघत होते. मी एकदाही त्यांना विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गाडीचे दार उघडून ठेवले. आजोबा अजून आलेले नाहीत. बॅटरी पुन्हा भरता येते, शब्द परत घेता येत नाही. मी वाट पाहतो आहे.