भूल दिली की मूल मंद होतं?

गणपतीपुळ्यात आमच्या वाडीतली एक सून परवा तीन महिन्यांच्या लेकाला घेऊन आली. बाळ रडलं की जांघेत फुगवटा येतो. डॉक्टरांनी सांगितलंय, हर्निया आहे, लवकर ऑपरेशन करून घ्या. ही मात्र अडून बसलेली. "काकू, भूल दिली की पोरं मंद होतात म्हणे. तीन वर्षांचा होईपर्यंत थांबू ना?"

मैत्रिणींनो, ही भीती अगदीच हवेतली नाही. प्राण्यांच्या पिल्लांना तासन् तास भूल दिल्यावर त्यांच्या मेंदूतल्या पेशी मरतात, असं प्रयोगांत दिसलं होतं. म्हणून २०१६च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने इशारा दिला. तो होता तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. आपल्या कानावर येईपर्यंत त्यातले 'तीन तास' आणि 'वारंवार' हे शब्द गळून पडले!

मग माणसांच्या मुलांचं काय? सात देशांत सातशेहून अधिक तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला, तोही हर्नियाच्याच ऑपरेशनचा. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. भूल साधारण तासाभराची. पाच वर्षांची झाल्यावर मुलांची बुद्धी तपासली, तर दोन्हीकडे सारखीच. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१८च्या अभ्यासात अनेकदा भूल घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक कमी आढळला नाही. मात्र हातांची बारीक कामं आणि विचारांचा वेग यांत थोडा फरक दिसला. म्हणजे वारंवार भुलीचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही, पण एकदाच्या, थोड्या वेळाच्या भुलीला घाबरून बसायचं कारण नाही.

उलट थांबण्यात धोका आहे. तान्ह्या बाळाच्या हर्नियात आतडं अडकलं तर रात्री-अपरात्री रत्नागिरी गाठावी लागते, आणि घाईतलं ऑपरेशन जास्त जोखमीचं. फाटलेल्या टाळूचंही तसंच. उशीर झाला की बोलणं बिघडतं. अंगणवाडीत मुलं तपासायला येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. ही योजना २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाली. पथकाने काही दाखवून दिलं तर पुढचे उपचार मोफत होतात. ती चिठ्ठी फडताळात ठेवून देऊ नका.

आईच्या हातात असलेली खरी काळजी वेगळीच आहे. ऑपरेशनआधी बाळाचं पोट रिकामं हवं. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पाणी दोन तास. तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. रडतंय म्हणून कुणी हळूच बिस्किट दिलं किंवा निघताना देवाचा मोदक भरवला, तर भुलीत तेच उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. खाल्लं असेल तर लपवू नका. सर्दी, खोकला, ताप, दमा, घरात कुणाला भुलीचा झालेला त्रास, सगळं सांगा. आणि विचारा : भूलतज्ज्ञ लहान मुलांना नेहमी भूल देतात का? किती वेळ लागेल? दोन ऑपरेशनं एकाच भुलीत होतील का? विचारण्यात लाज कसली?

हे सगळं ऐकून ती म्हणाली, "मग सासूबाईंनाच घेऊन येते, त्यांनाही सांगा." येऊ दे. घरात निर्णय एकटी आई थोडीच घेते!