सूनबाईनं पाठवलेलं कापड

एक पत्र बरेच दिवस माझ्या टेबलावर पडून होतं. कोल्हापूरकडच्या एका भगिनीचं. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय. मुलगा पोलंडमध्ये श्चेचिन शहरात नोकरीला आहे आणि त्यानं लग्न तिथल्याच मुलीशी केलं. येत्या ऑगस्टमध्ये हे दोघं सासू-सासरे पहिल्यांदाच तिकडे निघालेत. सूनबाईचं पार्सल मात्र आत्ताच येऊन पडलंय. आत चार मीटर जाडसर पांढरट कापड आणि मोडक्या मराठीत चिठ्ठी : ‘आई, वोलिनच्या मेळ्याला जायचं आहे. हजार वर्षांपूर्वीचा पोशाख लागतो. तुमचा हात शिवणाला चांगला, सदरा तुम्ही शिवून आणा. डोक्याचं आणि दागिन्यांचं मी बघते.’

भगिनी लिहितात, “आमचे हे म्हणतात, या वयात नाटकात काम करणार का? मलाही पटत नाही. मी हौसेनं दिलेली पैठणी तिनं लग्नानंतर एकदाही नेसली नाही. मग मी तिचा झगा का घालावा? आणि मंगळसूत्र, कुंकू यांचं काय करायचं?”

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. पोलिश, झेक, रशियन, युक्रेनियन, सर्ब ही सगळी एका भाषाकुळातली माणसं, त्यांना स्लाव म्हणतात. वोलिन हे ओद्रा नदीच्या मुखाजवळचं, बाल्टिक समुद्राकाठचं बेट. दहाव्या शतकात तिथं मोठं व्यापारी गाव होतं. १९९० नंतरच्या दशकात तिथं दर ऑगस्टला स्लाव आणि व्हायकिंग लोकांच्या जुन्या जीवनाचा मेळा भरू लागला. निरनिराळ्या देशांतून हौशी माणसं येतात, तंबूत राहतात, चुलीवर शिजवतात, लोहारकाम-कुंभारकाम करतात. पुरुष मंडळी ढाल-तलवारी घेऊन लढाया खेळतात आणि फोटो त्यांचेच निघतात. (हे सगळीकडे सारखंच!) पण खरा अभ्यास बायकांच्या तंबूत चालतो, असं माझं मत. चौकोनी फळ्यांच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून त्यांवर नक्षीची पट्टी विणायची, एकाच जाड सुईनं लोकरीचे मोजे गाठवायचे, चातीवर सूत काढायचं. चातीच्या त्या चकत्यासुद्धा जमिनीतून हजारांनी निघाल्या आहेत. युक्रेनमधल्या ओव्रुच भागातल्या गुलाबी दगडाच्या चकत्या तर दूरदूर विकल्या जात. काहींवर मालकिणीनं आपलं नाव कोरून ठेवलंय. आपण नाही का भांड्यांवर नाव घालून घेत?

आता कापडाकडे वळू. ते लिनन आहे, म्हणजे जवसाचा धागा. ज्या जवसाची आपण चटणी करतो, त्याच रोपाच्या खोडातून तो काढतात. कापड कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्याच. लिनन आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर सदरा गुडघ्यावर येईल.

बेतायला तो अगदी सोपा आहे. सगळे तुकडे सरळ, कारण घरच्या मागावर विणलेलं कापड वाया घालवायची कुणाची छाती नव्हती. खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची घ्या आणि दुप्पट करा. कापड मधोमध दुमडा. खांद्यावर शिवण येत नाही. गळा लहान ठेवून पुढे जेमतेम डोकं जाईल एवढी चीर द्या. बाह्या म्हणजे दोन सरळ आयत, मनगटाकडे थोडे निमुळते. बगलेत साधारण १२ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा बसवा, नाहीतर हात वर केला की टरकन फाटेल. चालताना पाय अडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कळ्या घाला. एक लांब आयत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापला की दोन कळ्या निघतात, चिंधीही उरत नाही. तुमच्या कापडाचा पन्हा मोठा असेल तर चार मीटरांत खुशाल बसेल. आतल्या शिवणी मशीनवर मारा, पण गळा, मनगट, खालची दुमड ही दिसणारी शिलाई हातानं, त्याच रंगाच्या दोऱ्यानं. मेळ्यातल्या बायकांची नजर पहिली तिथंच जाते.

रंगाचा मोह टाळा. लिननला रंग नीट चढत नाही, म्हणून आतला सदरा पांढराच बरा. रंग लोकरीच्या वरच्या कपड्याला. तांबडा आपल्याच मंजिष्ठाच्या युरोपीय बहिणीपासून, तुरटी लावून. निळा तिकडच्या एका पिवळ्या फुलांच्या झाडाच्या पानांतून. त्या पानांत रंगद्रव्य आपल्या निळीतलंच असतं. आणखी एक लाल रंग मुळांवरच्या बारीक किड्यांपासून काढत. पोलिश भाषेत जून महिन्याचं नाव त्या किड्यावरून पडलंय.

एक गोष्ट मात्र मनात धरून ठेवा. हजार वर्षांपूर्वीचा सबंध झगा कुणाला सापडला आणि त्यावरून ही कापणी ठरली, असं नाही. लिनन मातीत कुजून जातं. थडग्यात ब्राँझच्या किंवा चांदीच्या दागिन्याला चिकटून बोटभर तुकडा उरतो. त्यावरून, नंतरच्या खेडुतांच्या कपड्यांवरून आणि जुन्या चित्रांवरून अंदाज बांधावा लागतो. म्हणून या बायका आपसात खूप भांडतात. तुमची सून तावातावानं बोलताना दिसली तर घाबरू नका.

दागिने टिकले. त्यांत खास म्हणजे कानशिलाजवळ, डोक्याच्या पट्टीला अडकवायची कडी. पोलंडकडे त्यांचं एक टोक इंग्रजी एस अक्षरासारखं वळवलेलं असे, तर मॉस्कोच्या बाजूच्या व्यातिची लोकांत त्यांना सात पाकळ्या असत. कडी पाहून बाई कुठली ते कळावं, असा प्रकार. शिवाय गळ्यात चंद्रकोर आणि काचेचे मणी. तांबड्या अकिकाचे मणीसुद्धा सापडतात. ते पूर्वेकडच्या व्यापारातून तिकडे गेले. सूनबाईला भेट काय न्यावी असा प्रश्न असेल, तर अकिकाची माळ न्या. ती नाचेल.

डोकं मात्र झाकावं लागेल. मुलीनं केस मोकळे किंवा एका वेणीत ठेवायचे, लग्न झालेलीनं फडक्याखाली, हा तिकडचा कडक नियम होता. रशियन भाषेत ‘फजिती होणं’ याला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ उघड्या केसांनी दिसणं असा आहे. पोलंडमधल्या लग्नांत आजही मध्यरात्री नवरीच्या डोक्यावरचा बुरखा उतरवायचा सोहळा असतो. पूर्वी त्या वेळी तिला सवाष्णीची टोपी घालत. सुमारे १४७०च्या आसपास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्या चौल बंदरात उतरला होता. त्यानंही इथली माणसं उघड्या डोक्यानं फिरतात आणि केसांची एकच वेणी घालतात, हे आवर्जून लिहून ठेवलंय. तेव्हा नवल दोन्हीकडून आहे.

मंगळसूत्र काढायचं काही कारण नाही. गळा उंच असतो, ते आत राहील. कुंकवाचं तुमचं तुम्ही ठरवा. मी असते तर लावलं असतं, आणि विचारणाऱ्याला सांगितलं असतं की मी दूरच्या मुलखातली व्यापाऱ्याची बायको. चष्मा काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. तंबूच्या दोऱ्यांत पाय अडकून पडाल.

आता ‘नाटक’ या शब्दाविषयी. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात १९५१ साली उत्खनन चालू असताना २६ जुलैला एका मजूर बाईला भूर्जाच्या सालीचा गुंडाळा दिसला. त्यावर अक्षरं कोरलेली होती. तेव्हापासून अशी हजाराहून जास्त पत्रं निघाली आहेत. त्याच वर्षी सापडलेलं एक पत्र बाराव्या शतकातल्या गोस्त्याता नावाच्या बाईचं आहे. वासिल नावाच्या कुणाला तिनं कळवलंय की वडिलांनी आणि नातलगांनी मला दिलेलं सगळं नवऱ्याकडेच आहे, त्यानं मला घालवून दिलं, दुसरी केली, आणि मला काही देत नाही, तर कृपा करून ये. वासिल आला की नाही, पुढचं काहीच हाती नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. आपल्या कोर्टात आजही स्त्रीधनाचे असे दावे चालतात. तुमची सून ज्या बाईचा सदरा शिवायला सांगते आहे, ती अशी बाई आहे. राजांच्या बखरीत तिला जागा मिळाली नाही. तिचं कापड कसं होतं, ते अंगावर घालून पाहणं याला तुमच्या मिस्टरांनी नाटक म्हणावं, हे मला पटत नाही.

राहिली पैठणी. तुमचं वाईट वाटणं खोटं नाही. इतक्या हौसेनं घेतलेलं वस्त्र कपाटात पडून राहिलं की लागतंच. पण श्चेचिनमध्ये तिला नेसवणार कोण होतं? लग्नात तुम्ही चौघी जणी निऱ्या धरायला होतात. तिनं मात्र कापडाबरोबर तुम्हाला काम धाडलंय आणि उरलेलं स्वतःकडे घेतलंय. पैठणीच्या बाबतीत आपण तसं केलं होतं का, ते पाहा. तिकडे गेलात की एका संध्याकाळी तिला समोर उभी करा, पिना तुमच्याच न्या, आणि नेसवा. नाही आवडली तर ती तोंडावर सांगेल. मेळ्याच्या आधी नेसवा, नंतर नको. परत आल्यावर सगळ्यांचे पाय दुखत असतात.

माप घेताना दंडाचा घेर चार बोटं सैल धरा. ऑगस्टमध्येही समुद्राकाठी रात्री गारठा पडतो, आत स्वेटर घालावा लागेल.