रंगाच्या धुळीचा खर्च दरात धरा

खंडाळा-लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने धुके आणि ओल. बंगल्यांची फाटके, गच्चीचे कठडे, खिडक्यांचे गज या हवेत गंजतात आणि पाऊस सरला की ते घासून रंगवण्याचे काम निघते. हे काम आपल्या वस्त्यांतली माणसे करतात. दिवाळीच्या सुट्टीत पाहुणे येण्याआधी ते उरकायचे असते. म्हणून ड्रिल मशीनला किंवा ग्राइंडरला तारेचा गोल ब्रश लावायचा आणि जुना रंग व गंज एकदमच उडवायचा, अशी पद्धत पडली आहे. काम झटपट होते, मालक खूश होतो. पण जी धूळ उडते तिचा हिशेब कोणी करत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, या धुळीपासून बचावाचा खर्च कामाच्या दरात धरला पाहिजे. रंगाच्या डब्याचे, ब्रशचे, थिनरचे पैसे मालक देतो, तसेच मास्कचे, चष्म्याचे आणि हात-पाय धुण्याच्या वेळेचे पैसेही त्यानेच दिले पाहिजेत. आज तो खर्च रंगारी आपल्या छातीतून आणि त्याची लेकरे आपल्या रक्तातून भरतात.

हे असे का म्हणतो, ते समजून घेऊ. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. लोखंडाला गंज धरू नये म्हणून पूर्वी शेंदरी रंगाचा जो पहिला हात देत, तो तर शिशापासूनच केलेला असे. आजचे रेड ऑक्साइड बहुतेक वेळा लोहाचे असते, पण नुसते पाहून खात्री करता येत नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये काढला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. कारखान्यात वापरायचे रंग त्या नियमात आलेच नाहीत. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या फाटकावर थरावर थर चढलेले असतील, तर त्यात शिसे आहे असे धरूनच चालावे.

हा रंग फाटकावर घट्ट बसलेला असतो तोवर फारसे बिघडत नाही. ब्रश फिरला की त्याचे पीठ होते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. इतक्या वेगात निघालेली बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासाबरोबर आत जाते. सिमेंटच्या भिंतीवर हाच ब्रश फिरवला, तर प्लास्टरमधल्या वाळूची सिलिका उडते. ती फुप्फुसात बसली की फुप्फुस कडक होत जाते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही आणि तो झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोकाही वाढतो.

शिसे श्वासातून जाते, तसे तोंडातूनही जाते. रंगाच्या हाताने तंबाखू मळली, बिडी ओढली, डबा खाल्ला, की ते पोटात गेले. मग पोटात कळा, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, थकवा, रक्त कमी होणे, मनगटातली ताकद जाणे अशी लक्षणे दिसतात. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाण माहीत नाही आणि लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट अंगात मुरते. मुलाला वरून काही दिसत नाही. त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही आणि आपण त्याला ढ म्हणतो. बाप कामाच्या कपड्यांवर घरी येतो, लेकरू त्याला बिलगते, आई तो शर्ट दारात झटकून मग भिजत घालते. एवढ्यात धूळ घरभर होते.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात वर्षे काढली. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘मजुरी’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. कसली मजुरी, हे सहसा कोणी विचारत नाही. खोकला आहे, वजन उतरले आहे, म्हणजे क्षयच असणार, असा समज होतो. थुंकीची तपासणी जरूर करावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत आहे. पण डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही आपणहून सांगा, ‘मी इतकी वर्षे मशीनने रंग आणि भिंती घासतो.’ या एका वाक्याने छातीचा एक्स-रे वेगळ्या नजरेने पाहिला जातो. रक्तातल्या शिशाची तपासणी नेहमीच्या तपासण्यांत नसते, ती मुद्दाम मागावी लागते.

आता काय करायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळा जुना रंग काढावा लागतो हा गैरसमज आहे. जो रंग घट्ट आहे तो राहू द्या. पोपडे सुटलेले आणि गंज धरलेले तेवढेच काढा. त्यासाठी पाण्याचा फवारा मारून पत्र्याने खरवडा आणि वॉटर पेपरने ओलेच घासा. ओली धूळ उडत नाही. ओल्या जागी विजेचे मशीन मात्र मुळीच चालवू नका, शॉक बसेल. घासून झाल्यावर लोखंड पुसून पूर्ण वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, कारण खंडाळ्याच्या हवेत उघडे लोखंड लगेच पुन्हा गंजते.

दुसरी गोष्ट, मशीन वापरायचेच असेल तर ते जुना रंग नसलेल्या, नुसत्या गंजलेल्या लोखंडावर आणि उघड्यावर वापरा. ब्रशवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनवरच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो ब्रश लावू नका. ग्राइंडरचे गार्ड काढू नका. गळ्यातला गमछा, सैल बाही, मोकळे केस, साडीचा पदर फिरत्या ब्रशपासून दूर ठेवा.

तिसरी गोष्ट, रुमालाने बारीक धूळ अडत नाही. निदान एन-९५ मास्क हवा आणि तो नाकाला, गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढीवर तो बसत नाही. तरीही मास्क ही शेवटची फळी आहे. आधी धूळच कमी उडवायची.

चौथी गोष्ट, डोळे. ब्रशची तार तुटून सुईसारखी उडते, म्हणून बाजूने बंद असलेला चष्मा घाला. नंबरचा चष्मा पुरत नाही. डोळ्यात काही घुसले तर चोळू नका आणि काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढू नका. डोळ्यावर दाब न पडेल असा कागदी कप धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लोखंडाचा कण राहिला तर काही तासांतही बुबुळावर गंजाचे कडे धरू शकते.

पाचवी गोष्ट, खाण्याआधी आणि तंबाखूआधी साबणाने हात-तोंड धुवा. कामाचे कपडे तिथेच बदला, पिशवीत आणा, न झटकता वेगळे धुवा. खाली पडलेला कचरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हे झाडण्याचे काम बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला येते, तेव्हा हा नियम तिच्यासाठीही आहे.

‘एवढे करत बसलो तर काम दुसऱ्याला जाईल,’ असे रंगारी म्हणतात. ते खोटे नाही. एकट्याने दर वाढवला तर काम जाते. म्हणूनच वस्तीतल्या सगळ्या रंगाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे की मास्क, चष्मा आणि ओल्या घासकामाचा वेळ धरल्याशिवाय दर सांगायचा नाही. ही मागणी जगावेगळी नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरांत धूळ ओढून घेणारी सोय नसलेल्या वेगवान मशीनने रंग काढायला पैसे घेऊन काम करणाऱ्या कंत्राटदारांना २०१० पासून मनाई आहे. तिथल्या रंगाऱ्याचे फुप्फुस आपल्यापेक्षा महाग नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४४ मध्ये, प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. कामगाराचे आजारपण ही त्याची खासगी बाब नाही, हा त्यामागचा विचार. बंगल्याबंगल्यावर रोजाने जाणारा रंगारी आजही त्या विम्याच्या बाहेर आहे. म्हणून निदान बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी विचारणा करा. १८ ते ६० वय आणि वर्षात ९० दिवसांचे काम या त्यातल्या मुख्य अटी आहेत. तेवढ्यासाठी कामाच्या दिवसांची नोंद आजपासून वहीत ठेवा.

शेवटी आपल्याच घरचे. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमेआधी विहाराचे गज, पुतळ्याभोवतीचा कठडा रंगवायला मंडळाची पोरे उत्साहाने मशीन आणतात आणि बाजूला लहान मुले बघत उभी असतात. तिथे मालक कोणी शेठ नाही, आपणच आहोत. वर्गणीतून आधी मास्क आणि चष्मे आणा, मुलांना लांब ठेवा, ओले घासा. मालकाकडे जे मागायचे ते विहारापासून सुरू करू.

जय भीम.