कुंपणातलं भगदाड आणि वॉचमनचा फोन

माझा भाचा दीड वर्ष विमानं राखायचा. म्हणजे एका छोट्या धावपट्टीवर रात्रपाळीचा वॉचमन होता. कुठली धावपट्टी ते लिहीत नाही, त्याच्याबरोबरची पोरं अजून तिथेच कामाला आहेत. ठेकेदाराची नोकरी, पगार दोन-दोन महिने लांबलेला. हातात एक काठी आणि एक टॉर्च. टॉर्चचे सेल स्वतःच्या खिशातून.

होळीला घरी आला तेव्हा मी सहज विचारलं, काय रे, भीती नाही वाटत? तर म्हणाला, "मामा, भीती नाही वाटत. पण रात्री कुणी आलंच तर फोन कुणाला करायचा? सुपरवायझरचा नंबर दिलाय, तो दहानंतर बंद असतो."

तेव्हापासून हे डोक्यात आहे.

मोलगीत बसून हा विमानतळावर लिहितो म्हणून काही जण हसतील. हसा. पावसाळ्यात पाड्यावरचा पेशंट झोळीत घालून डांबरीपर्यंत आणावा लागतो, जिल्ह्यात विमानतळ नाही, मग आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या शेजारी शिरपूरला आणि धुळ्याला पोरं विमान चालवायला शिकतात. ती विमानं सातपुड्याच्या अंगाने फिरतात. १६ जुलै २०२१ ला शिरपूरहून उडालेलं शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डी शिवाराकडे डोंगरात पडलं. शिकवणारे वैमानिक जागीच गेले, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. तिथे पहिल्यांदा कोण पोहोचलं? जवळपासची आदिवासी माणसं. रस्ता नव्हता. एका बाईने साडी दिली, तिची झोळी झाली, आणि त्या झोळीतून मुलीला खाली आणलं. झोळी कशी धरायची हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल हा अपघात झाला, सुरक्षेचा विषय वेगळा. कागदावर वेगळाच आहे. विमान पडू नये ती एक सुरक्षा, विमानापाशी नको तो माणूस पोहोचू नये ती दुसरी. साहेब लोकांची दोन खाती, दोन फायली. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीला चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमानं पडली, तेव्हा डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. ती पहिली फाईल. दुसरी फाईल काही घडल्याशिवाय कुणी उघडत नाही. पण धावपट्टीवर उभ्या असलेल्या वॉचमनला दोन्ही एकच. गाय आत आली तरी त्याने पळायचं, माणूस आला तरी त्यानेच पळायचं.

एवढ्याशा विमानाने काय होणार, हाही प्रश्न येईल. बरोबर आहे. शिकवायला वापरतात ते सेस्ना १७२ पूर्ण भरलं तरी साडेअकराशे किलोच्या आसपास. आपल्या बाजाराला माल आणणारा भरलेला पिकअप त्याहून जड असतो. त्यामुळे उगाच घाबरवायला मी बसलेलो नाही. पण ५ जानेवारी २००२ ला अमेरिकेत टँपा शहरात काय झालं ते बघा. पंधरा वर्षांचा शिकाऊ मुलगा. त्याला उड्डाणाआधीची तपासणी एकट्याने करायला पाठवलं. तो तसाच विमान घेऊन उडाला आणि बँकेच्या उंच इमारतीवर जाऊन आदळला. मेला तो एकटाच, इमारतीचं नुकसानही थोडंच झालं. पण तो कुंपण तोडून आला नव्हता हो! गेटातून आला होता, शाळेचाच विद्यार्थी होता. चार महिन्यांपूर्वी ११ सप्टेंबरचा हल्ला झालेला होता, त्यातल्या बहुतेक वैमानिकांनीही फ्लोरिडातल्या शाळेत फी भरून धडे घेतले होते. म्हणजे नुसती भिंत उंच करून भागत नाही. किल्ली कुणाच्या हातात आहे आणि विमानाजवळ कोण एकटा आहे, हे बघणारा माणूस लागतो.

आपल्या देशातलं उदाहरण पुरुलियाचं. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री परदेशी विमानाने पश्चिम बंगालच्या त्या जिल्ह्यात एके-४७ आणि गोळ्यांच्या पेट्या वरून टाकल्या. विमान निघून गेलं. पेट्या सकाळी कुणाला दिसल्या? गावकऱ्यांना.

मोठ्या विमानतळांवर कंदाहारच्या अपहरणानंतर, २००० पासून, सीआयएसएफ आली. लगेच कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की मग छोट्या धावपट्टीवरही बंदूकवाले ठेवा. मला ते पटत नाही. जिथे दिवसाला एक प्रवासी उतरत नाही तिथे पलटण ठेवायचा खर्च कोण करणार? आणि ठेवली तरी पहिलं काम काय होईल, तर आजूबाजूच्या गुराख्यांना हाकलणं.

इथे कुंपणाची गोष्ट सांगतो. भाचा होता तिथे तारेच्या कुंपणाला एका जागी भगदाड होतं. तीनदा वेल्डिंग केलं, तीनदा तुटलं. साहेब म्हणायचे, गावातले लोक चोर आहेत. भाचा गुरं राखून मोठा झालेला, त्याच्या लक्षात आलं. धावपट्टी व्हायच्या आधीपासून तिथून नाल्यावर पाण्याला जायची वाट होती. कुंपण बांधणाऱ्याने ती मधोमध कापली. आता गुरं घेऊन दीड किलोमीटर वळसा कोण घालेल? त्याने सुचवलं की कडेने वाट काढून द्या, भगदाड आपोआप बंद होईल. वॉचमनचं कोण ऐकतं!

ज्या गुराख्याला आपण चोर ठरवतो, त्याला त्या माळावरची प्रत्येक गाडी ओळखीची असते. नवीन माणूस दोन दिवस कुंपणाजवळ घुटमळला तर त्याच्याआधी कॅमेऱ्याला कळणार नाही. अमेरिकेत हल्ल्यानंतर छोट्या विमानतळांसाठी हेच केलं. विमान बाळगणारे आणि तिथे रोज येणारे-जाणारे, यांनाच नजर ठेवायला सांगितलं आणि चोवीस तास चालणारा एक फोन नंबर दिला. शेजाऱ्यांनी गल्ली राखावी तसं. सरकारने २००४ मध्ये छोट्या विमानतळांसाठी सूचना काढल्या, त्यातही विमान कुलूपबंद ठेवा, किल्ली विमानात सोडू नका, शिकाऊ पोरावर लक्ष ठेवा, असल्याच साध्या गोष्टी आहेत. कोट्यवधींचा खर्च नाही.

आपल्याकडे एवढं तरी करा. प्रत्येक धावपट्टीच्या गेटवर आणि कुंपणाच्या चारही बाजूंना मराठीत एक पाटी लावा, तिच्यावर रात्री दोन वाजता उचलला जाणारा नंबर टाका. वॉचमन एकटा नको, दोघं हवेत, आणि पगार महिन्याच्या महिन्याला. पगार थकलेल्या माणसाकडून लाखोंची विमानं राखून घेणं हाच मोठा धोका आहे. ज्या गावांवरून विमानं उडतात तिथल्या पोलीस पाटलांना वर्षातून एकदा बोलवा, विमान दाखवा, पडलं तर इंधनापासून लांब कसं राहायचं आणि जखमीला कसं धरायचं ते सांगा. वर्डीच्या लोकांनी कुणी न सांगता केलं. दरवेळी नशिबावर सोडायचं का?

अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियाची मोठी शाळा ठरली आहे. गोंदियाला बिरसीत शाळा आहेच. म्हणजे ही शिकाऊ विमानं वाढणार. आपली पोरं त्यात वैमानिक किती होतील माहीत नाही, वॉचमन मात्र नक्की होतील.

भाचा आता सुरतेला आहे. त्याचा शेवटचा दीड महिन्याचा पगार अजून मिळालेला नाही. शिरपूर, धुळे, जळगाव, बारामती, कुठल्याही धावपट्टीजवळ राहणारं कुणी हे वाचत असेल तर एक काम करा. उद्या जाता-येता गेटवर बघा, फोन नंबर लिहिलाय का. असेल तर रात्री लावून बघा. कुणी उचलला का ते खाली लिहा.