प्रामाणिकपणाचा धडा प्रकल्पाच्या वहीत
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील मजकुराचे साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. परंतु वाङ्मयचौर्याची सवय त्याआधीच, शालेय प्रकल्पाच्या वहीत जडते. तेथे आयोग पोहोचत नाही. शिक्षकच पोहोचू शकतो. बारामतीच्या विद्यार्थ्याने शेजारच्या इंदापूर तालुक्यातील भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर लिहिताना इंटरनेटवरील माहिती जरूर घ्यावी. मात्र संकेतस्थळाचे नाव व तारीख नोंदवावी, माहिती मराठी विश्वकोशासारख्या ग्रंथाशी ताडून पाहावी आणि उजनी जलाशयाच्या काठी स्वतः केलेले निरीक्षण वेगळे लिहावे. शिक्षकांनी गुण देताना हा भेद पाहिला, तर आयते उतारे चिकटवण्यात विद्यार्थ्याला लाभ उरणार नाही.