विश्लेषण : आठ मिनिटांत ख्याल मावतो का?

शालेय गटातील शास्त्रीय गायन स्पर्धांमध्ये मुले तयारीने गातात. पण त्यांना राग किती कळला, हे या चौकटीत तपासले जाते का?

गावोगावच्या संगीत मंडळांपासून केंद्र सरकारच्या 2015 पासून भरणाऱ्या ‘कला उत्सवा’पर्यंत शालेय मुलांच्या गायन स्पर्धा अनेक आहेत. बऱ्याच ठिकाणी स्पर्धकाला आठ-दहा मिनिटे मिळतात, काही ठिकाणी त्याहून कमी. तेवढ्यात विलंबित ख्याल, द्रुत बंदिश आणि ताना असे सारे दाखवण्याची धडपड असते.

वेळेचे गणित काय सांगते?

विलंबित एकताल 12 मात्रांचा. एका मात्रेला चार सेकंद धरले, तर एक आवर्तन 48 सेकंदांचे. आठ मिनिटांतून सुरुवातीच्या आलापाचे एक आणि द्रुत बंदिशीची तीन मिनिटे वजा केली, की विलंबितासाठी चार मिनिटे, म्हणजे पाच आवर्तने उरतात. स्थायी-अंतऱ्यात त्यातली दोन जातात. उरलेल्या तिनांत यमनची बढत करून तार षड्जापर्यंत पोहोचायचे. मैफलीत जाणता गायक एवढा वेळ एकट्या गंधाराभोवती रेंगाळतो.

मग व्हायचे तेच होते. आलाप-ताना वहीत लिहून दिल्या जातात, मूल त्या पाठ करते आणि कोणत्या तानेनंतर सम येणार हे महिनाभर आधीच ठरते. साथीला वेगळा तबलजी आला किंवा लय जरा चढली, की मुलाची नजर समोर बसलेल्या आईकडे वळते.

पाठांतरात वाईट काय?

काहीच नाही. गुरूचे ऐकून जसेच्या तसे म्हणणे ही या संगीताची पहिली पायरीच आहे. अडचण एवढीच, की बक्षीस त्याच पायरीवर मिळते. एक राग, एक बंदिश घोटून वर्षात चार स्पर्धा जिंकता येत असतील, तर नवा राग शिकण्याची निकड कोणाला वाटेल?

कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून थोरांच्या गायकीची हुबेहूब नक्कल करत. त्यासाठी अमाप कौतुकही झाले. तरीही पुढे ते मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिले. कौतुकानंतर असे थांबून शिकण्याची मुभा आजच्या स्पर्धकाला क्वचितच मिळते.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखी जाचक होते. साधारण 12 ते 15 या वयात आवाज फुटतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलाला बघता बघता काळी एकपर्यंत उतरावे लागते. या काळात गळ्याला उसंत हवी. नेमके तेव्हाच ‘गेल्या वर्षीचा पहिला’ म्हणून त्याला जुन्याच पट्टीत उभे केले जाते. सूर लागत नाही, बक्षीस जाते आणि अनेकदा गाणेही सुटते. यातले किती गळे पुढे सावरले असते, याची मोजदाद कोणत्याच निकालपत्रात होत नाही.

बदल कोणते शक्य आहेत?

चौदा वर्षांखालील गटात विलंबिताचा आग्रह सोडावा. मध्यलयीतली एक बंदिश नीट मांडली तरी पुष्कळ. तयार गाणे संपल्यावर परीक्षकांनी त्याच रागातली एखादी स्वरसंगती देऊन ‘आता तू पुढे ने’ म्हणावे. भूप गाणाऱ्या मोठ्या मुलाला तेच पाच स्वर असलेला देशकार ऐकवून फरक विचारावा. प्रत्येकी दोन मिनिटे धरली, तरी 40 स्पर्धकांमागे 80 मिनिटे वाढतील, आणि आयोजकांची तक्रार इथेच येईल. त्यावर उपाय आहे: प्राथमिक फेरी ध्वनिमुद्रणावर घ्यावी आणि मंचावर मोजकीच मुले बोलवावीत. परीक्षकाचा स्वतःचा शिष्य स्पर्धेत असेल, तर त्याचे गुण दुसऱ्याने द्यावेत, हे खरे तर सांगावेही लागू नये.

आज बहुतेक मुले प्रमाणपत्र आणि क्रमांक घेऊन घरी जातात. कुठे सूर उतरला, कुठे राग हरवला, हे परीक्षकांनी चार ओळींत लिहून दिले, तर क्रमांक न मिळालेल्या मुलालाही दुसऱ्या दिवशी रियाझाला बसताना काहीतरी हाताशी असेल.